पत्रे न गमावता पद्धतबदल : पीओपीकडून आयमॅपकडे

अनेक शाळांच्या कार्यालयांत वर्षानुवर्षे एकाच संगणकावर ई-मेल उतरवून घेतला जातो. शिष्यवृत्तीची पत्रे, दाखल्यांच्या मागण्या, माजी विद्यार्थ्यांशी झालेला पत्रव्यवहार असे सारे त्या एका यंत्रात साठते. पुढे तीच पत्रे मुख्याध्यापकांच्या मोबाइलवरही दिसावीत, अशी निकड निर्माण होते. त्या वेळी खात्याचा प्रोटोकॉल बदलावा लागतो आणि घाई झाल्यास जुनी पत्रे कायमची नष्ट होतात. म्हणून या बदलामागील तत्त्व विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे.

प्रोटोकॉल म्हणजे दोन संगणकांनी परस्परांशी बोलण्याचे ठरलेले नियम. पीओपीचा पहिला मसुदा १९८४ साली प्रसिद्ध झाला. सर्व्हरवरील पत्रे आपल्या संगणकावर आणावयाची, ही त्याची रीत. आणलेली पत्रे सर्व्हरवरून बहुधा पुसली जातात, म्हणजे एकमेव प्रत आपल्याच यंत्रात उरते. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली आखलेल्या आयमॅपमध्ये मात्र पत्रे सर्व्हरवरच राहतात. आपली निरनिराळी उपकरणे तोच एक संग्रह दाखवितात.

यावरून बदलाचा क्रम ठरतो. प्रथम संगणकातील सर्व पत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. नंतर जुन्या खात्यात ‘संदेशाची प्रत सर्व्हरवर ठेवा’ हा पर्याय निवडावा व आपोआप पत्रे उतरविणे थांबवावे. ई-मेल सेवेत आयमॅप सुरू आहे का आणि तेथे पुरेशी जागा आहे का, हे पाहावे. जुने खाते न काढता त्याच पत्त्याचे आयमॅप खाते नव्याने जोडावे. थंडरबर्डसारख्या प्रणालीत जुन्या खात्याचा प्रकार बदलता येत नाही, नवे खातेच जोडावे लागते.

त्यानंतर जुन्या खात्यातील पत्रे नव्या खात्याच्या फोल्डरांत थोडी थोडी करून ठेवावीत. ती हलवू नयेत, त्यांची प्रत करावी. पाठविलेल्या पत्रांचा विसर पडू नये, कारण पीओपी ती सर्व्हरवर नेत नाही. प्रत्येक फोल्डरातील पत्रसंख्या जुळवावी, एखादे जुने पत्र जोडपत्रासह उघडून पाहावे आणि तेच पत्र दुसऱ्या उपकरणावर दिसते का, याची खातरजमा करावी. काही आठवडे निर्वेध गेल्यावरच जुने खाते काढावे.

एक सावधगिरी शेवटपर्यंत बाळगावी. आयमॅप हा आरसा आहे, तिजोरी नव्हे. मोबाइलवर पुसलेले पत्र कार्यालयातूनही नाहीसे होते. म्हणून डिस्कवरील स्वतंत्र प्रत वेळोवेळी नवी करीत राहावी. आधी प्रत, मग पडताळणी आणि सर्वांत शेवटी जुन्याचा निरोप, हा क्रम ज्याने पाळला त्याची पत्रे सुरक्षित राहतील. वर्षांनंतर एखादा माजी विद्यार्थी जुन्या पत्राचा शोध घेत दाराशी आला, तर त्याला रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.