मसी आणि कोळशाचे पाणी : ‘निलंबन’ या संज्ञेचा विचार

शास्त्रीय मराठीत ‘निलंबन’ ही संज्ञा, द्रवात न विरघळता तरंगत राहिलेल्या सूक्ष्म कणांच्या मिश्रणासाठी रूढ आहे. कचेरीच्या मराठीत तोच शब्द नोकराला कामावरून तात्पुरते दूर करण्यासाठी योजतात. दोन्ही अर्थ ‘सस्पेन्शन’ या एकाच इंग्रजी शब्दाच्या अनुवादातून आले. या संज्ञेत वस्तूचे वर्तन कितपत उतरते, याचा विचार प्रस्तुत टिपणात कोळसा-पाणी इंधनाच्या आधारे करावयाचा आहे.

नोएडा ज्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील दादरीच्या वीजकेंद्रात कोळसा पिठासारखा दळून हवेच्या झोताबरोबर भट्टीत सोडतात. हवेऐवजी पाण्याला वाहक करावे आणि ते मिश्रण तेलासारखे फवारून जाळावे, ही कल्पना १९७३ च्या तेलसंकटानंतर अनेक देशांत जोमाने तपासली गेली. अमेरिकेतील ब्लॅक मेसा नळमार्गाने १९७० पासून २००५ पर्यंत कोळसा पाण्यातून सुमारे ४४० किलोमीटर नेला. परंतु त्यात जवळजवळ निम्मे पाणी असे आणि जाळण्यापूर्वी ते वेगळे काढावे लागे. थेट जाळावयाच्या इंधनात वजनाने सुमारे ६० ते ७० टक्के कोळसा असावा लागतो.

एवढ्या दाटीत कोळशाचे कण एकमेकांना बिलगतात, गुठळ्या होतात व मिश्रण वाहीनासे होते. येथे पृष्ठक्रियाशील द्रव्य उपयोगी पडते. त्याच्या रेणूचे जलविन्मुख अंग कोळशाला चिकटते, जलप्रिय अंग पाण्याकडे राहते. नॅप्थॅलीन सल्फोनेट वर्गातील द्रव्ये कणांना ऋण भार देतात. समान भारामुळे कण परस्परांना दूर लोटतात. वजनाने एक टक्क्याच्या आसपास द्रव्य पुरते.

मात्र कण पूर्ण सुटे झाले की एकेक करून तळाशी जातात व तेथे इतके दाट रचले जातात की कठीण साका बसतो; तो पुन्हा ढवळणे अवघड. म्हणून झँथनसारखा डिंक अल्प प्रमाणात घालून कणांना तोलून धरणारे सैल जाळे निर्माण करावे लागते. गुठळी न होणे आणि साका न बसणे ही दोन भिन्न कार्ये होत. एकाचा अतिरेक दुसऱ्याला बाधक ठरतो.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा व्यवहार अपरिचित नाही. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात समर्थांनी लेखनक्रियेचे निरूपण करताना बरूंबरोबर मसीच्या संग्रहाचाही विचार केला आहे. काजळाची मसी हेही पाण्यातील कार्बनच. डिंकाचे लांब रेणू काजळाच्या कणांना वेढून त्यांच्या गुठळ्या होऊ देत नाहीत. तोच डिंक अक्षर कागदावर धरून ठेवतो, आणि पाण्यात विरघळणारा असल्यामुळे ओल लागताच पोथीतील अक्षर फुटते. काजळाचे कण अतिसूक्ष्म असल्याने फार सावकाश बसतात. कोळशाचे कण त्यांच्या शेकडो पटींनी मोठे. म्हणून मसीला मुख्यतः पहिले कार्य साधले तरी पुरते, इंधनाला दोन्ही साधावी लागतात.

‘निलंबन’ ही संज्ञा टाकून द्यावी असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु तिच्यापुढे नुसते ‘स्थिर’ हे विशेषण लावले की दोन्ही कार्ये एकात मिसळतात आणि वाचकाला चुकीचा बोध होतो. ‘गुठळी’ आणि ‘साका’ या घरगुती शब्दांनी तो भेद पूर्वीच जपला आहे. परिभाषा घडविताना इंग्रजी शब्दाशी मेळ पाहावा हे खरे. त्याआधी वस्तूतील भेद आपल्या भाषेने कोठे नोंदविले आहेत, हे पाहणे अगत्याचे आहे.