थेरपी पुरे, आता लेकीला खेळायला ने

अगं, तू फोनवर म्हणालीस ना, "ताई, तेरा वर्षांची झाली आणि आता थेरपीचं नाव काढलं की दार लावून घेते," तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं मनात होतं. आधी एक सांगते. ती आळशी झालेली नाही आणि तुझं काही चुकलेलं नाही. दीड-दोन वर्षांची असल्यापासून कोणी ना कोणी तिचे पाय ताणतंय, गुडघे सरळ करतंय, "अजून दहा वेळा कर" म्हणतंय. या वयात कुठलीही मुलगी वैतागेल गं.

अडचण अशी की नेमकं याच वयात हालचाल थांबून चालत नाही. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे सीपीत, मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही, शरीर मात्र वाढतं. वयात येताना हाडं भराभर लांब होतात, आखडलेले स्नायू मागे राहतात, वजनही वाढतं. मग वॉकर धरून वर्गापर्यंत जाणारी पोर एक दिवस म्हणते, "मला व्हीलचेअरच दे." आईच्या पोटात गोळा येतो, आजार बळावला की काय! खरं सांगू का, बऱ्याचदा त्यात ताकद आणि दम कमी पडल्याचा मोठा वाटा असतो, आणि ते दोन्ही वाढवता येतं. ताकदीचे व्यायाम केले की स्नायू आणखी ताठ होतात असं पूर्वी समजत, अजूनही कोणी तुला तसं सांगेल. ते मनावर घेऊ नकोस. अभ्यासांत तसं काही आढळलेलं नाही.

म्हणून मी म्हणते, तिला आणखी एक थेरपी नको, खेळ हवा. घराजवळ, ठरलेल्या वारी, तिच्या वयाच्या पोरापोरींबरोबर. फिजिओकडे अधूनमधून दाखवणं सोडायचं नाही, पण अंग हलायचं ते खेळातून हलू दे.

किती हलायचं, हा तुझा पुढचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये अपंग मुलांसाठीही, ५ ते १७ वयात, रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचवली आहे. आकडा वाचून छातीत धडकी भरवून घेऊ नकोस. अजिबात न हलण्यापेक्षा थोडं हललेलंही चांगलं, असं तीच संघटना म्हणते. सीपीच्या मुलांसाठी तज्ज्ञांचा सल्ला आणखी सोपा आहे: आठवड्यातून एक-दोन वेळा सुरू करा, अंगवळणी पडलं की तीन वेळा, एका वेळी निदान वीस मिनिटं. तू दोन संध्याकाळी धर, बाकीचं नंतर बघू.

आता खेळ कुठला? माझा जीव बोचियावर आहे. हा मूळचा सीपीच्या खेळाडूंसाठीच बसवलेला खेळ, १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. एक पांढरा चेंडू आधी टाकायचा, मग एका बाजूने सहा लाल, दुसऱ्या बाजूने सहा निळे. ज्याचे पांढऱ्याच्या जास्त जवळ, तो जिंकला. जोडीने किंवा संघाने खेळताना मुली-मुलगे एकत्र असतात, आणि खेळतात सगळे बसून. हाताने फेका, पायाने ढकला, आणि दोन्ही जमत नसेल तर उतरत्या पट्टीवरून सोडा. मैदान साडेबारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद लागतं, पण सोसायटीचा हॉल किंवा देवळामागची फरसबंदी सुरुवातीला चालते. चेंडू विकत आणायची घाई करू नकोस. खरा बोचियाचा चेंडू पावशेरापेक्षा जरासा जड असतो. साधारण तेवढ्याच वजनाचे चेंडू जुन्या मोज्यात ज्वारी भरून शिवलेस तर हाताने फेकायला छान होतात, बोटांत नीट मावतात आणि गडगडत गटारात जात नाहीत. पट्टीसाठी पावसाच्या पाण्याची प्लॅस्टिकची पन्हळ घे, तिच्यावरून साधा रबरी चेंडू सोडा.

आणि या खेळातला एक नियम मला फार आवडतो बघ. पट्टी वापरणाऱ्या खेळाडूला मदतनीस मिळतो, बहुतेक वेळा आई किंवा बाबाच. पण त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं, वळून बघायचं नाही. पट्टी डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, हे सगळं खेळाडूच सांगणार आणि मदतनीस तेवढंच करणार. बोलायला येत नसेल तर डोळ्यांनी, मानेने सांगेल. आपल्या लेकरांचं सगळं आपण ठरवत आलो गं, जेवण कुठलं, कपडे कुठले, झोपायचं कधी. तेराव्या वर्षी निदान चेंडू कुठे जायचा ते तिला ठरवू दे. चुकला तर तिचा चुकला, लागला तर तिचा लागला.

हे सगळं तू एकटीने ओढायचं नाहीस, हे ठासून सांगते. थेरपी सेंटरच्या बाकड्यावर वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या आया आहेत ना, त्यांच्यातल्या चार-पाच जणींना विचार. पाच मुलं जमली की गट झाला. दुसरं म्हणजे, जवळच्या फिजिओथेरपी कॉलेजला जाऊन प्राचार्यांना भेट आणि विद्यार्थी माग. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठाचा 'फिटस्किल्स' नावाचा उपक्रम आहे. त्यात अपंग तरुण-तरुणी आणि कॉलेजचे विद्यार्थी जोडीजोडीने आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, वस्तीतल्या साध्या जिममध्ये जाऊन व्यायाम करतात. हॉस्पिटल नाही, पांढरा कोट नाही. मुख्य म्हणजे सोबत आई नाही, साधारण आपल्याच वयाचं कोणी तरी आहे. तुझी लेक तुझ्यावर डाफरते, पण वीस वर्षांची एखादी ताई "चल गं" म्हणाली की उठेल, बघच तू.

पोहण्याचं विचारत होतीस. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, जमिनीवर न जमणारी पावलं तिथे पडतात, म्हणून चांगलंच आहे. पण गार पाण्यात स्नायू आखडतात, त्यामुळे सकाळची बॅच नको, दुपारचं ऊन लागलेलं पाणी बरं. फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरवायचं नाही, आणि विचारल्यावरही एक माणूस सतत हाताच्या अंतरावर हवा. यात सूट नाही. कपडे बदलायला बाईच हवी, आणि कोणी कुठे धरलेलं चालेल ते लेकीला आधी विचार. नको असेल तेव्हा "नको" म्हणायचं किंवा खुणेने सांगायचं तिला शिकव. पाळीच्या दिवसांत पोहणं नको वाटलं तर त्या दिवशी बोचिया. दिवस चुकवायचा नाही, खेळ बदलायचा.

शाळेचंही बोलूनच टाकते. पीटीच्या तासाला हिला वर्गात दप्तरं राखायला बसवतात ना? किंवा फार झालं तर गुण लिहायला देतात. त्यावर समाधान मानू नकोस बाई. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना सांगतो की या मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची. भांडायला जाऊ नकोस, पण कायद्याचं नाव घेऊन जा. सोबत मोज्याचे चेंडू ने आणि पीटीच्या सरांना म्हण, "अख्ख्या वर्गाला खुर्चीवर बसवून खेळवा." सरांना नवा खेळ मिळाला की बहुतेकदा तेच पुढे होतात.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घे: खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी काढला, फिट्सची औषधं कशी चालली आहेत, नुकतंच ऑपरेशन किंवा बोटॉक्स झालं असेल तर किती थांबायचं. पहिल्या आठवड्यात मांड्या-दंड दुखतील, ते दोनेक दिवसांत जातं. पण सांध्यात कळ आली, रात्री दुखून जाग आली किंवा चालणं अचानक बदललं, तर थांबव आणि दाखव. पायाचा स्प्लिंट काढल्यावर पावलावर लाल वळ आहे का बघ. अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट बहुधा छोटा झालाय, आणि या वयात तो पटकन होतो. थकली की लाळ वाढते, बोलणं अडखळतं. ते दिसलं की पाणी दे, बसव, ओरडू नकोस.

हो, आणि तिला प्रीती पालच्या शर्यती दाखव. उत्तर प्रदेशची मुलगी, टी३५ या, सीपीसारखा त्रास असलेल्या धावपटूंच्या गटात धावते, २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १०० आणि २०० मीटरमध्ये दोन कांस्यपदकं आणली तिने. पदकाचं ओझं लेकीच्या डोक्यावर ठेवू नकोस हं. तिच्यासारखं शरीर असलेलं कोणी तरी जोरात पळतंय, एवढं तिच्या डोळ्यांनी बघू दे.

आज रात्री जेवताना तिलाच विचार, चेंडू की पाणी, आणि कोणाकोणाला बोलवायचं. तिने नावं सांगितली की त्या आयांना फोन तू कर. हॉलच्या सेक्रेटरीशी मी बोलते, ते माझ्याकडे लागलं.