चॉकलेट खावे, पण ओळखून

वाढदिवस असो वा परीक्षेचा निकाल, मुलांच्या हातावर चॉकलेट ठेवले जाते. किराणा दुकानात सुट्टे नसले तरी बदल्यात चॉकलेटच मिळते. कागदात गुंडाळलेल्या प्रत्येक गोड गोळीला आपण चॉकलेट म्हणतो. प्रत्यक्षात त्यांतील बऱ्याच गोळ्यांत असते ती फक्त साखर, रंग आणि स्वाद.

खरे चॉकलेट कोणते?

खरे चॉकलेट कोकोच्या बियांपासून होते. केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांतून ही झाडे लावतात. बिया आंबवून, वाळवून, भाजून दळतात. हा कोको चवीला चक्क कडू असतो. म्हणजे चॉकलेटचा गोडवा कोकोचा नव्हे. तो माढा तालुक्यातल्या शिवारात पिकणाऱ्या उसाच्या साखरेचा!

फिलिपाईन्स देशात कोको सतराव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोहून नेला. तेथे आजही भाजून वाटलेल्या कोकोच्या वड्या घरात ठेवतात. वडी गरम पाण्यात वा दुधात उकळून, आपल्या रवीसारख्या लाकडी घुसळणीने फेस येईपर्यंत घुसळतात. साखर किती घालायची हे घरची गृहिणी ठरवते. आपल्याकडच्या तयार डब्यात मात्र ते कारखान्यानेच ठरवलेले असते.

डबा वाचायला शिका

मुलांना 'ताकद' यावी म्हणून अनेक घरांत दुधात चॉकलेटी पावडर घालतात. अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नये, अशी सूचना केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना दिली. आपल्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही.

वेष्टनावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. साखर पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असेल, तर काय ते समजावे. समजा, १०० ग्रॅम पावडरीत ४० ग्रॅम साखर आहे. मग २० ग्रॅम पावडरीतून ८ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे साखर पोटात जाते. वरून आई घालते ती वेगळीच! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, मोठ्या माणसानेही वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत ठेवलेली उत्तम. त्यात चहाची साखरही आलीच.

घरचे गरम चॉकलेट

बिनसाखरेची कोको पावडर आणावी. 'ड्रिंकिंग चॉकलेट' नको. त्यात बरीचशी साखरच असते. एक चमचा कोको थोड्या कोमट पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात. कपभर दुधात घालून उकळी आणावी, चिमूटभर वेलदोडा व एक चमचा साखर घालावी आणि रवीने घुसळावे. गूळ घालायचा तर दूध खाली उतरवून थोडे निवल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटते. गूळही साखरेइतकाच मोजून घालावा.

हे लक्षात ठेवा

• दोन वर्षांखालील बाळाला चॉकलेट वा साखर घातलेले पेय देऊ नये.

• दिवसभर चघळण्यापेक्षा जेवणानंतर एकदाच खाऊन चूळ भरावी. साखर दातांवर जितका वेळ राहते, तितकी कीड वाढते.

• कोकोमुळे, चहाप्रमाणेच, अन्नातील लोह अंगी कमी लागते. रक्त कमी असलेल्यांनी तो जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये.

• कोकोत थोडे कॅफिन असते. मुलांना रात्री झोपताना देऊ नये.

• 'डार्क' चॉकलेट म्हणजे बिनसाखरेचे नव्हे. मधुमेहींनी वेष्टन पाहावे.

• मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदम उतरली, घाम व थरथर सुटली, तर चॉकलेटवर विसंबू नये. त्यातील चरबीमुळे साखर रक्तात सावकाश मिसळते. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी व डॉक्टरांना गाठावे. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. तडक दवाखान्यात न्यावे.

मुलांच्या हातून चॉकलेट हिसकावून घेण्याची गरज नाही. सणासुदीला पुरणपोळी खातो, तसेच चॉकलेटही अधूनमधून, चवीने खावे. फक्त रोजच्या दुधात ताकदीच्या नावाखाली साखर जात नाही ना, हे आज घरातला डबा उलटून एकदा पाहा.