गोंगाटात लपलेली माळ

रेडिओ लावताना ऐकू येणारी खरखर आपल्याला नकोशी वाटते. पण जीपीएसचे उपग्रह आपला संदेश मुद्दाम खरखरीसारखा करून पाठवतात! सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारा हा संदेश इतका क्षीण असतो, की ग्राही यंत्रात नैसर्गिक गोंगाटाची शक्ती त्याच्या सुमारे पन्नासपट भरते. मग तो सापडतो कसा?

ही खरखर बनावट असते. १०२३ अधिक-उणे चिन्हांची ती ठरलेली माळ असून दर मिलिसेकंदाला पुन्हा सुरू होते. प्रत्येक उपग्रहाची माळ निराळी, आणि ग्राहीला त्या सर्व ठाऊक असतात. आपली माळ आलेल्या माळेवर नेमकी कोठे बसते, हे शोधणे म्हणजेच समकालन.

कागदाच्या दोन पट्ट्यांवर + + + − − + − अशी सात चिन्हे लिहा. पट्ट्या वरखाली ठेवा. सारख्या चिन्हांना +१, निराळ्यांना −१ मांडा. बेरीज ७ येईल. आता खालची पट्टी एक घर उजवीकडे सरकवा. बाहेर पडलेले चिन्ह डावीकडे आणा. बेरीज एकदम −१! सहा घरांपर्यंत कितीही सरकवा, −१च येते.

ग्राही हेच १०२३ घरांवर करतो. योग्य जागी संदेशाची बेरीज १०२३ होते. गोंगाट मात्र कधी अधिक, कधी उणा. त्याची बेरीज साधारणपणे १०२३ च्या वर्गमूळाइतकी, म्हणजे ३२ पटच वाढते. (शिक्षकांनी हे वर्गात नाणेफेकीने जरूर दाखवावे.) शक्ती पन्नासपट म्हणजे परमप्रसर सुमारे सातपट. ७ × ३२ = २२४. त्यासमोर १०२३ चे शिखर उठून दिसते.

यात एक अडचण आहे. उपग्रह धावत असल्याने संदेशाची कंप्रता काही हजार हर्ट्‌झपर्यंत सरकते. १००० हर्ट्‌झचा फरक राहिला, तर एका मिलिसेकंदात तरंग पूर्ण एक आवर्तन पुढे जातो. अर्ध्या माळेची बेरीज उरलेल्या अर्ध्यात वजा होते. माळ अचूक बसूनही हाती शून्य! म्हणून कंप्रताही थोडी थोडी बदलून पाहावी लागते.

जागा सापडली तरी ती टिकवायला हवी, कारण एक घर चुकले की अंतरात सुमारे २९३ मीटरची चूक. यावरची युक्ती मला फार आवडते. ग्राही माळेच्या दोन जादा प्रती ठेवतो : एक अर्धे घर आधीची, एक अर्धे घर नंतरची. दोन्ही बेरजा सारख्या असल्या, तर मधली प्रत शिखरावर आहे. आधीच्या प्रतीची बेरीज वाढली, तर आपली माळ मागे पडली आहे. ती पुढे घ्यायची. उंच इमारतींवरून परावर्तित झालेला संदेश उशिरा येऊन शिखराचा आकार बिघडवतो. अशा वेळी या दोन प्रतींमधील अंतर एका घराऐवजी त्याच्या दशांशाइतके ठेवले, तर चूक पुष्कळ घटते.

आता पट्ट्यांवर + − + − + − + लिहून तोच प्रयोग करा. एक आणि दोन घरे सरकवल्यावर किती बेरीज येते? अशी माळ उपग्रहाला का चालणार नाही?