विंध्याचल औष्णिक विद्युत केंद्र : स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष वीज

मध्य प्रदेशातील सिंगरौली जिल्ह्यात असलेले विंध्याचल हे एनटीपीसीचे सर्वांत मोठे औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याचा पहिला संच १९८७ मध्ये सुरू झाला. २१० मेगावॉटचे ६ आणि ५०० मेगावॉटचे ७ अशा एकूण १३ संचांची स्थापित क्षमता ४,७६० मेगावॉट होते.

केंद्रासाठी हीच जागा का निवडली गेली? भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते. असा कोळसा हजार किलोमीटर वाहून नेणे म्हणजे राखेचेही रेल्वेभाडे भरणे होय. त्यापेक्षा खाणीच्या तोंडाशी वीज निर्माण करून ती तारांवरून पाठविणे किफायतशीर ठरते. म्हणून विंध्याचलला निगाही खाणीचा कोळसा केंद्राच्या स्वतःच्या रेल्वेमार्गाने मिळतो, तर पाणी रिहंद धरणाच्या गोविंद वल्लभ पंत सागरातून येते. या सोयीची किंमत स्थानिकांनी मोजली. आधी धरण, मग खाणी, नंतर वीज केंद्रे यांमुळे या परिसरातील काही कुटुंबे एकाहून अधिक वेळा विस्थापित झाली.

येथील वीज मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात, महाराष्ट्र, गोवा आदी राज्यांना मिळते. १९८९ मध्ये विंध्याचल येथेच पश्चिम व उत्तर विभागांच्या ग्रिडना जोडणारे ५०० मेगावॉटचे उच्चदाब एकदिश प्रवाहाचे केंद्र कार्यान्वित झाले. दोन्ही ग्रिडची वारंवारिता तेव्हा भिन्न असल्याने प्रत्यावर्ती प्रवाह थेट जोडता येत नव्हता. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभाग आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण विभाग समकालिक जोडणीत आले व देशाचे एकच ग्रिड झाले.

परीक्षार्थींची गल्लत बहुधा क्षमता व निर्मिती या दोन संज्ञांत होते. मेगावॉट हे क्षमतेचे माप आहे, तर युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, हे निर्मितीचे. ५०० मेगावॉटचा एक संच २४ तास पूर्ण भाराने चालला, तर १.२ कोटी युनिट वीज मिळते. युनिटमागे साधारण ०.६५ किलोग्रॅम कोळसा धरल्यास त्यासाठी सुमारे ७,८०० टन कोळसा जळतो. तितक्याच क्षमतेचा सौर प्रकल्प सूर्यास्तानंतर काहीच देत नाही. त्यामुळेच मार्च २०२४ अखेर स्थापित क्षमतेत कोळसा व लिग्नाइट यांचा वाटा सुमारे निम्मा असूनही २०२३-२४ मधील निर्मितीत तो तीन चतुर्थांशांच्या आसपास होता. २०२५ च्या मध्यापर्यंत बिगर-जीवाश्म स्रोतांनी स्थापित क्षमतेचा निम्मा टप्पा ओलांडला. पण या बातमीवरून ‘निम्मी वीज हरित झाली’ असे लिहिणारे उत्तर चुकीचे ठरेल.

कोळसा केंद्रांचे काम मात्र बदलत आहे. अहोरात्र एकसारखा भार वाहण्यासाठी बांधलेल्या संचांनी आता दुपारी सौरवीज भरपूर असताना निर्मिती घटवावी आणि सायंकाळी झपाट्याने वाढवावी, अशी अपेक्षा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनी संचांचा किमान भार ५५ टक्क्यांपर्यंत, पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली आणता यावा, असे बंधन घातले. कमी भारावर युनिटमागे अधिक कोळसा लागतो; वारंवार तापण्या-निवण्याने बाष्पित्राच्या जाड धातूला थकवा येतो. ही झीज व वाढीव इंधनखर्च अखेर वीजदरातूनच भरून निघतो. विंध्याचलचे सर्वांत जुने संच तर चार दशकांच्या घरात आले आहेत.