टिपेश्वर सोडून वासोट्याला

पुतणी : काकाजी, डिसेंबरात आम्ही चौघी मैत्रिणी वासोटा गडावर चाललो. तुमची अर्धी नोकरी साताऱ्याकडच्या शाळेतच गेली ना? सांगा की काहीतरी.

काकाजी : इतक्या लांब काहून? आपल्याच जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ टिपेश्वर आहे. जिप्सीत बसायचं, वाघ पाहायचा, रात्री नेरला परत.

पुतणी : ते पाहून झालं. मला जंगलात पायी हिंडायचं आहे. आणि बारा महिने हिरवं असणारं जंगल पाहायचं आहे. तिथेही वाघ आहेतच की.

काकाजी : वाघाचं नाव काढू नको. वासोटा येतो कोयना अभयारण्यात. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पण वाघ इतके कमी, की २०२५ मध्ये आपल्या ताडोब्यातली वाघीण तिकडे न्यावी लागली. सगळं विदर्भातूनच न्यायचं यांना! आणि इथे रोही नि डुकरं तुरीचं वावर साफ करतात, ती न्यायला कोणी येत नाही. मागच्या साली धुऱ्याकडच्या सहा ओळी...

पुतणी : काकाजी, वासोटा.

काकाजी : हो बाप्पा. तर वाघ दिसणार नाही, असं धरूनच चल.

पुतणी : इतकं दाट जंगल, आणि जनावर दिसत नाही? उलटंच वाटतं.

काकाजी : आपलं सागाचं रान विरळ. ऊन जमिनीपर्यंत पोचतं, म्हणून गवत. गवत म्हणून चितळ, चितळ म्हणून वाघ. त्यात मे महिन्यात पाणी दोन-चार पाणवठ्यांवर उरतं, सगळ्यांना तिथे यावंच लागतं. आपण आयते गाडी लावून बसतो. तिकडे अंजनी, जांभूळ, पिसा यांचं छत इतकं गच्च, की खाली गवत उगवत नाही. खाणं सगळं वर, फांद्यांवर. पाणी ओढ्या-ओढ्याला. मग जनावर एका जागी कशाला जमेल? शेकरू तर वरच्या वरच एका झाडावरून दुसऱ्यावर जातं. गवा आहे, पण तो चरायला उघड्या सड्यावर निघतो, तोही सकाळ-संध्याकाळ.

पुतणी : पण पाऊस तर तिकडेही चारच महिने. मग झाडं हिरवी राहतात कशी?

काकाजी : हे बरं विचारलंस. कोयनेला वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पडतो, आपल्या पाचपट. पण ऑक्टोबरनंतर तिथेही कोरडंच. विषुववृत्ताकडच्या वर्षावनाला बारा महिने पाऊस असतो, तशी चैन सह्याद्रीला नाही. हे जंगल स्वतःच्या सावलीवर जगतं. छताखाली ऊन नाही, वारा नाही, पाचोळ्याखालची माती जानेवारीतही ओलसर लागते. त्याच ओलीत त्या झाडांची रोपं वाढतात. एकदा छत तोडलं की ऊन माती भाजून काढतं, पुढच्या पावसात ती वाहून जाते, आणि उरतो नुसता जांभा. तिथे पुन्हा अंजनी येत नाही, करवंदाच्या जाळ्या येतात. म्हणून ते खड्डे खणून फोटो काढणारे वृक्षारोपणवाले दिसले की माझं डोकं फिरतं. रोप लावता येतं गं, सावली कुठून आणणार?

पुतणी : म्हणजे डोळ्यांना काही काम नाही?

काकाजी : कानांना आहे. मलबारी राखी धनेश कोणी खदखदून हसल्यासारखा ओरडतो. भेकर भुंकलं तर जवळपास बिबट्या असू शकतो. म्हणून तोंड बंद ठेवायचं. आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवायचं नाही. बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर आला समजून धावत येतो.

पुतणी : ते नाही करणार. पण तिकडे अस्वलं आहेत ना?

काकाजी : आहेत. आता बामणोलीचं ऐक. साताऱ्याहून कासच्या रस्त्याने बामणोली, तिथून लाँच. ज्या पाण्यावरून जाशील ना, तो कोयना धरणाचा शिवसागर. त्याखाली गावं आहेत. उठवलेल्यांपैकी कित्येकांची पुनर्वसनाची भांडणं अजून मिटली नाहीत. २०१२ मध्ये कोयना जागतिक वारशात गेलं, तेव्हा...

पुतणी : हो, वाचलंय ते. पण अस्वल?

काकाजी : मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्यांना विचार. अस्वलाची नजर अधू, वाळवी उकरताना तर त्याला कशाचंच भान नसतं. माणूस एकदम अंगाशी आला की ते दचकतं आणि धावून येतं.

पुतणी : मग त्याला आपली चाहूल लागायला हवी. आणि तुम्ही म्हणता, तोंड बंद!

काकाजी : ...बरोबर पकडलंस.

पुतणी : मग करायचं काय?

काकाजी : जिथे पुढचं दिसतं तिथे गप्प. वळणावर, गच्च झाडीत, खळखळत्या ओढ्याजवळ मात्र आपसांत साधं बोलायचं, काठी आपटायची. ओरडायचं नाही. वाटाड्या पुढे, चौघी एकत्र. कोणी एकटीने फोटोसाठी मागे राहायचं नाही.

पुतणी : आणि तरीही समोर आलंच तर?

काकाजी : पळायचं नाही. पाठ न दाखवता हळूहळू मागे सरायचं. गव्यालाही तेच, एकटा बैल दिसला तर लांबूनच वाट सोडायची.

पुतणी : झाडावर चढायचं?

काकाजी : अस्वल तुझ्यापेक्षा चांगलं चढतं! म्हणून तर अंधाराच्या आत खाली यायचं. गडावर मुक्कामाला बंदी आहे, आणि लाँचवालाही थांबत नाही. मेट इंदवलीला वनखात्याच्या चौकीवर नोंद होते, प्लास्टिक मोजून अनामत घेतात. परतताना मोजणी भरली तर पैसे परत.

पुतणी : आणि जायचं कसं?

काकाजी : बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस, थेट सातारा. तिकीट आजच काढ. आणि बाकीच्या तिघींतल्या एकीच्या तरी आईचा फोन नंबर मला देऊन जा.