अवघ्यांत एक ‘आहे’
टाळ आहे, वीणा आहे, वाटेतला धोंडाही आहे. नावे-रूपे निराळी; ‘आहे’ मात्र सर्वांस सारखे. टाळ फुटला तरी आम्ही म्हणतो, तुकडे आहेत. टाळ गेला, ‘आहे’ गेले नाही.

‘दृग्दृश्यविवेक’ ग्रंथात वस्तूचे ५ अंश सांगितले आहेत : अस्ति, भाति, प्रिय, रूप, नाम. असणे, जाणवणे, आवडणे हे ३ ब्रह्माचे, म्हणून सर्वत्र सारखे. उरलेले २ जगाचे, म्हणून पालटणारे.

कीर्तनात आम्हांला कोणी विचारतात, महाराज, विंचू कुणाला आवडतो? अहो, विंचवाला स्वतःचा जीव आवडतोच की!

दिंडीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, ते या तिन्ही अंशांना वंदन होय. आधी जात विचारून जो वाकला, तो नामरूपालाच वाकला. ‘आहे’ त्याला भेटलेच नाही.